शब्दांतून समीकरणाकडे : थोर गणिती भास्कराचार्य आणि आपल्या मुलांचा भागाकार



सातवी-आठवीला बीजगणित सुरू झालं की एक तक्रार दरवर्षी कानावर येते. मुलाला भागाकार येतो, दिलेलं समीकरणही सोडवता येतं, पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की पेन थांबतो. पालक म्हणतात गणित कच्चं आहे. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होते. आज ज्यांची जीवनकथा सांगणार आहे, त्या भास्कराचार्यांनी माझी ती समजूत बदलली. पण त्याआधी माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या भागात मुलांच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलतात, बाजारात झाडीबोली चालते आणि पुस्तकात प्रमाण मराठी असते. काही वर्षांपूर्वी घटक चाचणीत मी एक प्रश्न दिला होता. ७ ने एका संख्येला भागले असता भागाकार ४ येतो, तर समीकरण लिहा. अर्ध्याहून जास्त मुलांनी ७ वर आणि अक्षर खाली लिहिलं. मी लाल पेनाने फुल्या मारल्या. त्यात एक मुलगी अशी होती, जी उन्हाळ्यात आईवडिलांबरोबर तेंदूपत्ता तोडायला जाते. फळीवर पुडे मोजून देताना तिचा हिशेब कधी चुकत नाही, असं तिचे वडील मला सांगत. एका पुड्यात ७० पानं आणि अशा १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, हे तिला पाठ आहे. मी तिला विचारलं की पानांवरून पुडे कसे काढशील. तिने क्षणात सांगितलं, सत्तरानं पानांले भागाचं. मग चाचणीत उलटं का लिहिलं, असं विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. शेवटी हळूच म्हणाली की बाईंनीच सांगितलं होतं, वाक्यात जो आकडा आधी येईल तो आधी लिहायचा.

खरंच मीच सांगितलं होतं. वेळ वाचवायला दिलेली युक्ती होती ती. म्हणजे फुली तिच्या नव्हे, माझ्या शिकवण्यावर पडायला हवी होती. नीट बघा, तिच्या तोंडच्या वाक्यातही सत्तर आधी आलं होतं आणि पानं नंतर. तरी तिचं उत्तर बरोबर होतं, कारण ती क्रम ऐकत नव्हती, ‘नं’ आणि ‘ले’ ऐकत होती. भाषा तिला येत होती. मी ती बाजूला ठेवायला लावली होती.

त्या सुट्टीत मी लीलावतीचं मराठी पुस्तक घेऊन बसले. ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तिथे मला असे शिक्षक भेटले ज्यांच्याकडे अधिक, वजा, भागिले यांची आजची चिन्हं नव्हतीच. सगळं गणित शब्दांत, तेही श्लोकांत होतं. शब्दांतून गणित बाहेर काढणं हेच त्यांच्या विद्यार्थ्यांचं पहिलं काम असायचं.

जन्म आणि घराणे

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे इ.स. १११४. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे, पण आकड्यांत नाही, शब्दांत. त्या काळी ठरावीक शब्द ठरावीक अंकांसाठी वापरत. रस म्हणजे ६, कारण चवी सहा. गुण म्हणजे ३, सत्त्व, रज, तम. पूर्ण म्हणजे ०. मही म्हणजे पृथ्वी, ती एकच, म्हणून १. हे अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे. ६, ३, ०, १ उलट वाचले की १०३६. वर्गात हे करून बघा. शब्दाचा आकडा कसा होतो, हे मुलांना फार आवडतं.

त्यांचं घराणं शांडिल्य गोत्राचं, पिढ्यानपिढ्या विद्येत रमलेलं. वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि विद्वान होते आणि तेच भास्करांचे गुरू. आपण जे शिकलो ते वडिलांकडून, हे भास्कराचार्यांनी कृतज्ञतेने नमूद केलं आहे. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडवीड हे आपलं गाव, असंही ते सांगतात. हे गाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत एकमत नाही. मात्र जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या परिसरात त्यांच्या घराण्याचा जो शिलालेख सापडला, त्यामुळे अनेक अभ्यासक खानदेशातल्या पाटणकडे बोट दाखवतात. त्या शिलालेखाची गोष्ट शेवटी येईलच.

छत्तिसाव्या वर्षी चार भागांचा ग्रंथ

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे शके १०७२ मध्ये (इ.स. ११५०), भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिला अंकगणित आणि भूमितीचा, दुसरा अव्यक्त म्हणजे माहीत नसलेल्या संख्यांचा, तिसरा ग्रहांच्या गतीच्या हिशेबाचा आणि चौथा खगोलाचा. खगोलाच्या भागांवर त्यांनी स्वतःच भाष्य लिहिलं, म्हणजे शिकणाऱ्याला नियमामागचं कारणही कळावं अशी सोय केली. ते केवळ गणिती नव्हते, मनापासून शिक्षक होते, असं मला यावरून वाटतं.

लीलावती : बाजारातून सुरू होणारं गणित

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी आणि पाण्याच्या घटिकापात्रात मोती पडल्याने तिच्या लग्नाचा मुहूर्त चुकला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्यात ही गोष्ट येते. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात ती नाही. म्हणून मुलांना सांगताना ती दंतकथा म्हणूनच सांगावी. ग्रंथात दिसतं ते इतकंच की बरीचशी उदाहरणं एखाद्या मुलीला, मित्राला किंवा गणित जाणणाऱ्या माणसाला प्रेमाने हाक मारून विचारलेली आहेत.

ग्रंथाची सुरुवात कशाने होते? मापांनी. २० वराटक म्हणजे कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. मग लांबीची मापं : २४ अंगुळांचा एक हात, ४ हातांचा एक दंड, २००० दंडांचा एक क्रोश. आधी रोजच्या व्यवहारातली मापं, मग नियम. आपल्याकडचा ७० पानांचा पुडा आणि १००० पुड्यांची गोणी हीसुद्धा अशीच परिभाषा आहे. पाठ्यपुस्तकात ती नसली म्हणून ती गणित नाही असं होत नाही.

एक उदाहरण, दहा पायऱ्या

लीलावतीत उलट क्रियेचा एक भाग आहे. त्यातलं एक उदाहरण मी माझ्या शब्दांत देते. बालभारतीच्या पुस्तकात अक्षर म्हणून इंग्रजी एक्स असतो, मी इथे आपला जुना ‘क्ष’ वापरते.

एक संख्या घ्यायची. तिला ३ ने गुणायचं. जो गुणाकार येईल त्यात त्याचाच पाऊण भाग मिळवायचा. आलेल्याला ७ ने भागायचं. त्या भागाकारातून त्याचाच तिसरा भाग वजा करायचा. उरलेल्याचा वर्ग करायचा. त्यातून ५२ वजा करायचे. वर्गमूळ काढायचं. ८ मिळवायचे. १० ने भागायचं. उत्तर २ येतं. तर ती संख्या कोणती?

आता एकेक पायरी राशीत लिहू.

१. संख्या : क्ष
२. ३ ने गुणली : ३क्ष
३. गुणाकाराचा पाऊण भाग मिळवला : ३क्ष + (३/४) × ३क्ष = २१क्ष/४
४. ७ ने भागले : ३क्ष/४
५. या भागाकाराचा तिसरा भाग क्ष/४, तो वजा केला : क्ष/२
६. वर्ग केला : क्ष²/४
७. ५२ वजा केले : क्ष²/४ − ५२
८. वर्गमूळ : √(क्ष²/४ − ५२)
९. ८ मिळवले : √(क्ष²/४ − ५२) + ८
१०. १० ने भागले, उत्तर २ आले : [√(क्ष²/४ − ५२) + ८] ÷ १० = २

पाचव्या पायरीवर थोडं थांबा. मुलं हमखास इथे घसरतात. तिसरा भाग म्हटलं की ती क्ष/३ वजा करतात. पण तिसरा भाग कोणाचा? मूळ संख्येचा नाही, आत्ता आलेल्या भागाकाराचा. ‘त्याचा’ या शब्दातला ‘तो’ कोण, हे ओळखणं हा भाषेचा प्रश्न आहे. ज्याला तो सुटला त्याचं गणित सुटलंच.

भास्कराचार्य मात्र इथे अक्षर वापरतच नाहीत. ते शेवटून सुरुवात करायला सांगतात. शेवटी २ आले, त्याआधी १० ने भागलं होतं, म्हणून १० ने गुणा : २०. ८ मिळवले होते, ते काढा : १२. वर्गमूळ काढलं होतं, वर्ग करा : १४४. ५२ वजा केले होते, मिळवा : १९६. वर्ग केला होता, वर्गमूळ घ्या : १४. तिसरा भाग गेल्यावर १४ उरले, म्हणजे आधी २१ होते. ७ ने भागलं होतं, गुणा : १४७. पाऊण भाग मिळवून १४७ झाले, म्हणजे आधी ८४. ३ ने गुणलं होतं, भागा : २८. उत्तर २८.

जंगलात गेलेलं मूल ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने खुणा बघत परत येतं, तसंच हे. आमच्या मुलांना ही पद्धत एका तासात समजली. आणि एक गोष्ट त्यांच्या आपोआप लक्षात आली, की भागाकार उलटा केला की गुणाकार होतो. समीकरणात ७ पलीकडे नेताना भागिलेचा गुणिले का होतो, हे वेगळं पाठ करून घ्यावं लागलं नाही.

बीजगणित : रंगांची नावं आणि घोड्यांची किंमत

सिद्धांतशिरोमणीच्या दुसऱ्या भागात अव्यक्त संख्या येते. तिला भास्कराचार्य ‘यावत्तावत्’ म्हणतात, म्हणजे जितकी असेल तितकी. लिहिताना नुसतं ‘या’. एकाहून जास्त अव्यक्त असतील तर रंगांची नावं : काळ्यासाठी कालक, निळ्यासाठी नीलक, पिवळ्यासाठी पीतक. त्यांची पहिली अक्षरं का, नी, पी. साध्या संख्येला ‘रू’, म्हणजे रूप. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. भागाकार लिहिताना भाज्य वर आणि भाजक खाली, पण मधली आडवी रेघ नाही. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक. ही पद्धत त्यांच्या आधीच्या गणितींपासून चालत आली होती, त्यांनी ती नीट मांडून शिकवली.

समीकरण मांडायची त्यांची रीत आजही तशीच्या तशी वर्गात चालते. जे माहीत नाही त्याला यावत्तावत् धरायचं. मग प्रश्न विचारणारा जे जे करायला सांगतो ते ते त्याच्यावर करत जायचं. शेवटी दोन सारख्या बाजू मिळतात. एका बाजूचं अव्यक्त दुसऱ्यातून काढायचं, रूपं विरुद्ध बाजूने काढायची आणि भागायचं.

त्यांचं प्रसिद्ध उदाहरण घोड्यांचं आहे. एकाकडे ३०० रूपं आणि ६ घोडे. दुसऱ्याकडे त्याच किमतीचे १० घोडे, पण डोक्यावर १०० चं कर्ज. एका घोड्याची किंमत किती? गंमत अशी की याच माहितीवर ते तीन वेगवेगळी वाक्यं देतात. एका घोड्याची किंमत क्ष धरली तर पहिल्याचं धन ६क्ष + ३००, दुसऱ्याचं १०क्ष − १००.

पहिलं वाक्य : दोघांचं धन सारखं आहे. ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. म्हणून ४क्ष = ४००, क्ष = १००.

दुसरं वाक्य : पहिल्याच्या धनाच्या निम्म्यात २ मिळवले तर दुसऱ्याच्या धनाइतकं होतं. (६क्ष + ३००)/२ + २ = १०क्ष − १००. म्हणून ३क्ष + १५२ = १०क्ष − १००, ७क्ष = २५२, क्ष = ३६. पडताळा बघा : पहिल्याकडे ५१६, निम्मे २५८, दोन मिळवून २६०. दुसऱ्याकडे ३६० − १०० = २६०.

तिसरं वाक्य : पहिल्याचं धन दुसऱ्याच्या तिप्पट आहे. हेच भागाकारात सांगायचं तर पहिल्याच्या धनाला दुसऱ्याच्या धनाने भागलं की ३ येतात. (६क्ष + ३००)/(१०क्ष − १००) = ३. म्हणून ६क्ष + ३०० = ३०क्ष − ३००, २४क्ष = ६००, क्ष = २५. पडताळा : ४५० आणि १५०.

माहिती तीच, घोडे तेच, फक्त वाक्य बदललं आणि उत्तरं तीन आली. शब्द नीट वाचायला हवेत हे मुलांना पटवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. दुसऱ्या वाक्यात मुलं कंस विसरतात आणि फक्त ३०० चं निम्मं करतात. तिसऱ्यात तिप्पट ऐकलं की गरीब कोण हे न बघता पहिल्यालाच ३ ने गुणतात. दोन्ही चुका आकड्यांच्या नाहीत, वाचनाच्या आहेत.

गोलाध्यायात भास्कराचार्यांनी याबद्दल एक मोलाचा विचार मांडला आहे. बीजगणित अक्षरांमध्ये नसतं, बुद्धी हेच खरं बीज, असा त्याचा आशय. अक्षर फक्त सोयीचं असतं. वाक्याचा अर्थ लावणारी बुद्धीच गणित करते.

शून्याने भागलं तर?

वरच्या तिसऱ्या समीकरणात हुशार मुलाने एक प्रश्न विचारायलाच हवा. घोड्याची किंमत १० असती तर? मग दुसऱ्याचं धन १०० − १०० = ०. पहिल्याकडे ३६०. आता ३६० ला ० ने भागायचं का?

भास्कराचार्यांनी या प्रश्नाला टाळलं नाही. ज्या राशीचा छेद शून्य आहे तिला त्यांनी ‘खहर’ असं नाव दिलं. ख म्हणजे आकाश, म्हणजेच शून्य. अशा राशीत काही मिळवलं किंवा काढलं तरी ती बदलत नाही, ती अनंतासारखी असते, असं त्यांचं मत. आजच्या गणितात आपण शून्याने भागणं ही क्रिया अर्थहीन ठरवली आहे, तिला उत्तर देत नाही. त्यामुळे या मुद्द्यावर आपण त्यांच्याबरोबर नाही. पण भाजक शून्य झाला तर काहीतरी वेगळं घडतं आणि तिथे थांबून विचार करायला हवा, हे त्यांनी साडेआठशे वर्षांहून आधी विद्यार्थ्यांसमोर ठेवलं होतं. म्हणून ७ ला एका संख्येने भागले, असं वाक्य आलं की मुलांना एवढं लिहायला लावा : ७/क्ष, क्ष शून्य नाही.

उतारवय आणि पुढची पिढी

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, इ.स. ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. ग्रहांचं गणित सोप्या रीतीने करता यावं म्हणून पंचांग करणाऱ्यांसाठी केलेला हा ग्रंथ. मोठा सिद्धांतग्रंथ आधीच नावाजला होता, तरी या वयात त्यांना कामाला सोपी वाट करून द्यावीशी वाटली. त्यांच्या निधनाचं वर्ष पुस्तकांतून साधारण ११८५ असं दिलेलं असतं.

मुलगा लक्ष्मीधर विद्वान निघाला. यादव राजा जैत्रपाल याने त्याला आपल्या दरबारी मानाने बोलावून घेतलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने पाटण इथे मठ स्थापन केला. तिथल्या निकुंभ घराण्याच्या राजांनी या मठाला दान दिलं. ही सगळी हकीकत शके ११२८ च्या (इ.स. १२०७) पाटणच्या शिलालेखात कोरलेली आहे. त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत घराण्याच्या नऊ पिढ्यांची नावं त्यात आहेत. मुंबईचे डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी हा लेख शोधला आणि १८६५ साली त्याविषयी लिहिलं.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. त्यात बाजारातल्या मालातून आणि तेलघाण्याच्या तेलातून मठाला कोणता वाटा द्यायचा ते लिहिलं आहे. विद्वत्तेची स्तुती संस्कृतात आणि ज्यांनी वाटा द्यायचा त्यांना कळावं ते मराठीत. हिशेबाची भाषा हिशेब करणाऱ्याची असावी लागते, हे त्या दगड कोरणाऱ्यांनाही ठाऊक होतं. आपण मात्र झाडीबोलीत बरोबर बोललेल्या मुलीला फुली मारून बसतो.

पुढे कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. फारसी भाषांतराचा उल्लेख वर आलाच आहे. १८१७ साली कोलब्रुक यांनी लीलावती आणि बीजगणित दोन्ही इंग्रजीत आणले. एका घरात वडिलांनी मुलाला शिकवलेलं गणित असं जगभर पोहोचलं.

आपल्या वर्गासाठी

भास्कराचार्यांच्या संस्कृतात शब्दांचा क्रम मोकळा असतो, अर्थ विभक्ती ठरवते. मराठीतही तसंच आहे. म्हणून आता मी क्रमाची युक्ती सोडून दिली आहे. त्याऐवजी दोन प्रश्न विचारायला लावते.

पहिला प्रश्न : ‘ला’ कोणाला लागला? तो भाज्य, वर लिहायचा. ‘ने’ कोणाला लागला? तो भाजक, खाली लिहायचा. घरी ‘ले’ आणि ‘नं’ म्हणत असतील तर तसंच म्हणू द्या.

- एका संख्येला ७ ने भागले : क्ष/७
- ७ ने एका संख्येला भागले : क्ष/७ (क्रम बदलला, अर्थ तोच)
- ७ ला एका संख्येने भागले : ७/क्ष
- एका संख्येचा सातवा भाग : क्ष/७
- एका संख्येच्या पाचव्या भागातून ३ वजा केले : क्ष/५ − ३
- एका संख्येतून ३ वजा करून उरलेल्याचा पाचवा भाग : (क्ष − ३)/५

शेवटची दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि क्ष = १८ घालून बघा. पहिल्याचं उत्तर ०.६ येतं, दुसऱ्याचं ३. हा फरक समजावायला मग वेगळं भाषण लागत नाही.

दुसरा प्रश्न : वाक्य पूर्ण झालं का? ‘एका संख्येचा सातवा भाग’ हा नुसता शब्दसमूह आहे. त्याची राशी होते, समीकरण नाही. ‘एका संख्येचा सातवा भाग ४ आहे’ हे वाक्य आहे. आहे, येतो, मिळतो, इतकं होतं, ही क्रियापदं म्हणजे बरोबरचं चिन्ह. क्रियापद नसेल तर सोडवायला जाऊ नका, कारण सोडवण्यासारखं तिथे काही नसतं.

आता तेंदूपत्त्याचं उदाहरण. एका घरातल्या चौघांनी मिळून क्ष पानं आणली. पुडे किती झाले? क्ष/७०. चौघांच्या वाट्याला सारखे पुडे धरले तर प्रत्येकी किती? क्ष/७० ला ४ ने भागायचं, म्हणजे क्ष/२८०. इथपर्यंत राशी झाली. प्रत्येकाच्या वाट्याला २५ पुडे आले, असं कळलं की समीकरण झालं : क्ष/२८० = २५, क्ष = ७०००. ही पानं मुलांनी स्वतः मोजलेली असतात, त्यामुळे उत्तर बरोबर की चूक ते त्यांना पुस्तक न उघडता कळतं.

सरावासाठी

१. एका संख्येला ६ ने भागून आलेल्या भागाकारात ५ मिळवले तर ११ येतात.
२. ४८ ला एका संख्येने भागले असता भागाकार १२ येतो.
३. एका संख्येत ९ मिळवून येणाऱ्या बेरजेला ४ ने भागले तर ८ मिळतात.
४. भास्कराचार्यांच्या ग्रंथातलं मधमाश्यांचं उदाहरण, माझ्या शब्दांत : एका थव्यातल्या माश्यांचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग दुसऱ्या एका फुलावर. या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट माश्या कुड्याच्या फुलांवर गेल्या. एक माशी हवेतच फिरत राहिली. थव्यात माश्या किती? (कुडा आपल्या जंगलात मुलांना दाखवता येईल.)

उत्तरं : १) क्ष/६ + ५ = ११, क्ष = ३६. २) ४८/क्ष = १२, क्ष = ४. ३) (क्ष + ९)/४ = ८, क्ष = २३. ४) क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष, क्ष = १५.

चौथं उदाहरण मुलं सोडवतील तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा. फरक काढताना क्ष/३ आधी का लिहिला? वाक्यात तर पाचवा भाग आधी आला होता. तिसरा भाग पाचव्यापेक्षा मोठा, म्हणून. ३ लहान दिसतो पण वाटेकरी कमी झाले की वाटा वाढतो, हे घरी भाकरी वाटताना मुलांनी पाहिलेलंच असतं.

पालकांना एकच विनंती. घरी गणित इंग्रजीत किंवा पुस्तकी मराठीतच बोललं पाहिजे असं नाही. पुडे मोजताना, धान विकताना, मोहफुलं वाटून घेताना मुलाला हिशेब मोठ्याने बोलायला सांगा, आपल्या बोलीत. ते बोललेलं कागदावर कसं उतरवायचं, ते आम्ही शाळेत बघू.

त्या मुलीची जुनी उत्तरपत्रिका मी परत मागवून घेतली होती. उत्तर चूकच होतं, त्यामुळे गुण वाढवले नाहीत. पण फुलीशेजारी लिहिलं की ही चूक बाईंच्या सांगण्यामुळे झाली. पुढच्या चाचणीत तिने प्रत्येक वाक्यातल्या ‘ला’ आणि ‘ने’ खाली रेघ ओढली होती. सगळी समीकरणं बरोबर होती.

आपल्या वर्गात भागाकाराच्या शाब्दिक उदाहरणांत मुलं कुठे अडतात, ते एकदा त्यांच्याच तोंडून ऐकून बघा. भेटू पुढच्या पाठात.